अंगचे खण असलेले प्लॅस्टिकचे ऑफिस-टेबल: एकसंध काढावे की सुटे भाग जोडावेत?

साचेकार
भोसरीत आमचा मोल्ड तयार करण्याचा छोटा कारखाना आहे. आजवर क्रेट, बादल्या, पंख्यांचे भाग अशी कामे केली. आता कोकणातील एका फर्निचर-वितरकाकडून वेगळी विचारणा आली आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडील पतसंस्था, ग्रामपंचायती आणि सीएंची छोटी कार्यालये येथे पार्टिकल बोर्डाची टेबले काही पावसाळ्यांतच पायाकडून फुगतात, कडेची पट्टी सुटते आणि उरलेले काम वाळवी पूर्ण करते. त्यामुळे त्यांना पूर्णपणे प्लॅस्टिकचे, १२०० बाय ६०० मिमी माथ्याचे आणि उजव्या हाताला तीन खण अंगचेच असलेले टेबल हवे आहे.

माझे मत असे की माथा आणि खणांचा खोका एकाच साच्यातून काढावा, म्हणजे सांधा नाही, ढिले होणारे स्क्रू नाहीत आणि पाणी शिरायला फटही नाही. खण तेवढे वेगळे मोल्ड करून आत सरकवावेत. माल पॉलिप्रॉपिलीन. ज्यांनी मोठ्या आकाराचे काम केले आहे किंवा अशा टेबलांवर बसून दिवस काढले आहेत, त्यांनी आपले मत सांगावे.

टनभर
पहिला प्रश्न मशीनचा, म्हणजे वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरणाऱ्या इंजेक्शन मोल्डिंग मशीनचा आहे. १२०० बाय ६०० म्हणजे ७२०० चौरस सेंमी. पातळ भिंतीच्या मालाला साचा मिटून धरण्यासाठी चौरस सेंमीला साधारण ०.३ टन इतका कमी आकडा धरला, तरी २१०० टनांच्या वरचे मशीन लागते. ते भाड्याने मिळेलही, पण ज्यांच्याकडे ते आहे त्यांची पहिली निष्ठा गाड्यांच्या बंपरवर असते. आपल्या टेबलाचा साचा चढवायला ते दिवाळीनंतरची तारीख देतात. गॅस-असिस्ट (आत वायू सोडून) किंवा स्ट्रक्चरल फोम (आतून फेसाळ माल) पद्धतीने दाब बराच कमी करता येतो, परंतु फोमच्या पृष्ठभागावर भोवऱ्यासारखे पट्टे उमटतात आणि मग रंगकाम आले. पॉलिप्रॉपिलीनवर रंग सहजासहजी धरत नाही, हे आपणास वेगळे सांगायला नको.

दुसरे म्हणजे वाहतूक. खुर्च्या एकात एक बसतात. आपले एकसंध टेबल कशातच बसणार नाही आणि टेम्पो भोसरीहून रत्नागिरीपर्यंत हवा वाहून नेईल.

बहुलक_मास्तर
मी अभियांत्रिकी महाविद्यालयात प्लॅस्टिक शिकवतो, म्हणून उत्तर थोडे लांबेल.

पॉलिप्रॉपिलीन साच्यात थंड होताना साधारण १ ते २.५ टक्के आकसते. दीड टक्का धरला तर १२०० मिमी माथा १८ मिमीने लहान होतो. सगळीकडे सारखा आकसला तर काहीच बिघडत नाही, कारण साचा तेवढा मोठा करता येतो. अडचण असमान आकसण्याची आहे. ज्या बाजूला खणांचा खोका जोडलेला आहे तिथे माल जाड आहे, तो उशिरा थंड होतो आणि जास्त आकसतो. मोकळी बाजू आधीच घट्ट झालेली असते. परिणामी माथ्याला पीळ येतो. एकसंध टेबलाचा एक पाय जमिनीवरून उचललेला दिसला तर त्याचे कारण फरशी नसते. एबीएस हे दुसरे प्लॅस्टिक साधारण ०.४ ते ०.७ टक्केच आकसते, म्हणून त्याचा पीळ कमी. मात्र ते महाग आहे आणि थिनर किंवा ॲसिटोन सांडले की विरघळू लागते.

त्याहून मोठा मुद्दा ताठरपणाचा आहे. साध्या पॉलिप्रॉपिलीनचा स्थितिस्थापकत्व गुणांक (ताठरपणाचे माप) दीड गिगापास्कलच्या आसपास असतो, पोलादाचा २००. शिवाय प्लॅस्टिक भाराखाली हळूहळू वाहते. आज वजन ठेवल्यावर माथा ३ मिमी लवला आणि ते वजन तिथेच राहिले, तर वर्षभराने तो त्याच्या दुपटीहून अधिक लवलेला दिसू शकतो. कार्यालयात प्रिंटर एकदा ठेवला की तो निवृत्तीपर्यंत तिथेच असतो, हे गृहीत धरावे. जाडी दुप्पट केल्यास ताठरपणा आठपट होतो हे खरे, पण जाड भिंत थंड व्हायला फार वेळ घेते आणि वर खळगे पडतात. म्हणून भिंत ३ ते ३.५ मिमी ठेवून खाली रिब (उभ्या पातळ पट्ट्या) द्याव्या लागतात, आणि रिबची जाडी भिंतीच्या निम्म्याच्या आसपास ठेवावी लागते. जास्त झाली तर प्रत्येक रिबची रेघ माथ्यावर उमटते आणि ट्यूबलाइटच्या उजेडात ती सर्वांत आधी साहेबांना दिसते.

गंमतशीर_गणू
म्हणजे आमच्या कार्यालयातले टेबल वाकले ते प्रिंटरमुळे. आम्ही उगाच बैठकांना दोष देत होतो.

खणाखणी
टनभर आणि मास्तर दोघेही माथ्याविषयी बोलत आहेत. माझ्या मते हे टेबल खणांपाशी अडेल, कारण खरी अडचण ड्राफ्टची, म्हणजे माल साच्यातून सुटावा म्हणून भिंतींना द्याव्या लागणाऱ्या उताराची आहे.

खणांचा खोका समोरून उघडा आणि सुमारे ५०० मिमी खोल आहे असे धरू. गाभा (आतली पोकळी घडवणारा साच्याचा भाग) त्यातून समोरच्या दिशेने ओढून काढावा लागणार. एक अंश ड्राफ्ट दिला तरी ५०० मिमी खोलीवर प्रत्येक बाजूला ८.७ मिमी फरक पडतो. म्हणजे खोक्याची आतली रुंदी तोंडाशी असेल त्यापेक्षा मागे साडेसतरा मिमीने कमी. आतल्या बाजूला टेक्श्चर दिले तर ड्राफ्ट आणखी वाढवावा लागतो. आता बाजारात मिळणारा टेलिस्कोपिक चॅनल (खण ज्यावर सरकतो ती धातूची पट्टी) या निमुळत्या खोक्यात बसवून पाहावा. त्याला खणाच्या प्रत्येक बाजूला १२.७ मिमी जागा लागते आणि दोन्ही चॅनल पूर्ण लांबीभर समांतर लागतात. एखादा मिमीचा फरक पडला की खण शेवटच्या वीतभर अंतरात अडकतो. बाई एका हाताने खण आणि दुसऱ्या हाताने टेबल धरून ओढतात, आणि मग चॅनलचे छर्रे जमिनीवर.

यावर एक उपाय आहे. चॅनल जिथे टेकणार तिथे खोक्याच्या भिंतीवर उंचवट्यांचे ठोकळे द्यायचे. तोंडाशी ते सर्वांत उंच आणि मागे जवळपास भिंतीलगत, म्हणजे त्यांचे माथे एका सरळ रेषेत येतात आणि चॅनल समांतर बसतो. मात्र तोंडाशी खोका अधिक रुंद असल्यामुळे गाभा ओढताना हे ठोकळे अंडरकट होतात, म्हणजे त्याला अडवतात. ते काढायला आत कोलॅप्सिबल कोर (आत मिटणारा गाभा) किंवा स्लायडर (साच्याचा सरकता भाग) लागतो आणि साच्याची किंमत कुठल्या कुठे जाते. तेच खोक्याच्या बाजूच्या भिंती दोन सुट्या पाट्या म्हणून मोल्ड केल्या, तर साचा पाटीच्या जाडीच्या दिशेने उघडतो, ठोकळे फुकट मिळतात आणि भिंत अजिबात निमुळती करावी लागत नाही.

म्हणजे आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर माझ्यापुरते ठरले आहे. एकसंध करू नये.

अनघा_रेखाटने
खणाखणी यांचे विवेचन पटले, तरी एक प्रश्न विचारावासा वाटतो. लाकडी टेबलाचाच आराखडा घेऊन त्याचे प्लॅस्टिक का करायचे? आयताकृती खण आणि चॅनल ही सुताराने त्याच्या मालासाठी शोधलेली उत्तरे आहेत.

इटलीत डिझायनर जो कोलंबो यांनी १९७० मध्ये एबीएसची बॉबी ट्रॉली केली. तिचे खण सरकत नाहीत. ते कोपऱ्यातल्या उभ्या पिनेभोवती फिरून बाहेर येतात. चॅनल नाही, समांतरतेचा प्रश्न नाही, आणि तोच खण एकावर एक रचून हवी तेवढी उंची मिळते. आन्ना कास्तेल्ली फेर्रिएरी यांचे कार्टेल कंपनीसाठीचे कोम्पोनिबिली हे गोल कप्पेही एबीएसचे आहेत. दार वळणाऱ्या भिंतीवरून सरकते आणि कप्पे स्क्रूशिवाय एकमेकांवर बसतात. दोन्ही वस्तू पन्नास वर्षांनंतरही विकल्या जातात. त्याच सुमारास डिझायनर रेमंड लोवी यांच्या डीएफ २००० मालिकेत वेगळा तोडगा दिसतो: कपाट-टेबलाचा सांगाडा नेहमीचा, आणि खणांचे फुगीर दर्शनी भाग तेवढे मोल्ड केलेल्या प्लॅस्टिकचे.

साचेकार यांना हवे तसे, म्हणजे खण अंगातच सामावलेले टेबलही झालेले आहे. फ्रान्समध्ये शिल्पकार मॉरिस काल्का यांनी १९६९ मध्ये बूमरँग डेस्क केले. वळणदार, जमिनीपासून माथ्यापर्यंत एकच कवच आणि त्यात दोन खण. पण ते फायबरग्लासचे होते.

दर्यावर्दी
अनघाताई, फायबरग्लासचा विषय काढलात म्हणून लिहितो. आमच्याकडे किनाऱ्यावर मासेमारीच्या फायबरच्या होड्या बनवतात. एक साचा, आत जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर), मग काच-तंतूंची चटई आणि रेझिन यांचे थर हाताने. टनांचे मशीन लागत नाही आणि हवे तिथे दोन थर अधिक देता येतात. कोकणातच विकायचे असेल तर रत्नागिरीत बनवा, टेम्पोचा प्रश्नच मिटला.

बहुलक_मास्तर
दर्यावर्दी, ताठरपणाच्या दृष्टीने आपली सूचना उत्तम आहे, कारण काच-तंतूमुळे माल पॉलिप्रॉपिलीनच्या कित्येक पट ताठ होतो आणि भाराखाली फारसा वाहतही नाही. मात्र एका साच्यातून दिवसाला एखाद-दुसरे टेबल निघेल, आणि रेझिनमधील स्टायरिनच्या वासात काम करणाऱ्यांना योग्य मास्क आणि वायुवीजन द्यावे लागेल. थोड्या संख्येसाठी ठीक. साचेकार यांनी अपेक्षित संख्या सांगितलेलीच नाही आणि खरे तर सगळा निर्णय तिच्यावर आहे.

पतसंस्थेतली_वसुधा
आपल्या चर्चेत टेबलावर बसणारे माणूस अजून आलेले नाही, म्हणून मी येते.

खणात काय असते ते आधी पाहावे. ए-फोर कागदाचे ५०० पानांचे रिम अडीच किलोचे असते. खालच्या मोठ्या खणात फायलींच्या रूपाने अशी दहा रिमे सहज जमतात, म्हणजे २५ किलो. तो खण दिवसातून शंभरदा उघडला जातो, आणि पुष्कळदा पायाने बंद केला जातो. वरच्या खणात शिक्के, स्टँप-पॅड, टाचण्या, खातेदाराने विसरलेला चष्मा आणि कोणाच्या तरी वाढदिवसाची उरलेली मेणबत्ती असते. त्याला २५ किलोंची ताकद नको, आतले लहान कप्पे हवेत. आणि प्लॅस्टिकमध्ये तेच सर्वांत सोपे असावे, तरी कोणी करत नाही. तळ आतून पांढरा करू नये, कारण स्टँप-पॅडची जांभळी शाई तिथून जात नाही.

कुलपाविषयी. आमच्याकडे आलेल्या एका प्लॅस्टिक खणाला कुलूप होते, परंतु वरची कड अंगठ्याने दाबली की ती एवढी लवायची की जीभ आपोआप निसटायची. आमचा शिपाई किल्ली हरवल्याचे कधी सांगतच नसे.

आणखी एक विनंती. माथ्याच्या खाली मधोमध तो उथळ खण देऊ नये. माथा ७५० मिमीवर, त्याची जाडी ४० आणि खण ८० मिमी असेल, तर खाली ६३० मिमी उरतात. खुर्चीचे हात तिथे आपटतात आणि माणूस टेबलापासून वीतभर लांब बसून लिहितो. संध्याकाळी पाठ दुखते ती त्यामुळे. आमच्यातल्या ठेंगण्या बायकांना तर ७५० हीच उंची अधिक होते; लाकडी टेबलाचे पाय सुतार कापून देत असे, साच्यातल्या टेबलाचे कोण कापणार?

सुतारपक्षी
कापून द्यायला मी तयार आहे, पण कापल्यावर खाली रिबांची पोकळ जाळी दिसेल. प्लॅस्टिकवर माझा राग नाही. माझी तक्रार एवढीच की त्यात नंतर काही करता येत नाही. पॉलिप्रॉपिलीनला फेविकॉल धरत नाही, खिळा मारला की चीर जाते, स्क्रू दोनदा काढून घातला की भोक सैल होते. निदान स्क्रूच्या जागी पितळी इन्सर्ट (आटे असलेल्या नळ्या) बसवावेत आणि खणाचा दर्शनी भाग सुटा बदलता येईल असा ठेवावा. पायाने बंद करणाऱ्यांच्या कार्यालयात तो सर्वांत आधी जातो.

चाचणीघर
फर्निचरच्या चाचण्यांशी माझा रोजचा संबंध येतो. भारतात टेबल आणि डेस्कसाठी आयएस १७६३३ आणि साठवणीच्या फर्निचरसाठी आयएस १७६३४ ही मानके २०२२ पासून आहेत. निर्यातीचा विचार असेल तर युरोपात ईएन ५२७ आणि अमेरिकेत बिफ्मा या फर्निचर-उद्योग संघटनेचे एक्स ५.५ पाहावे लागते. खण अंगचेच असल्यास त्यांची वारंवार उघडझाप, भार आणि कलंडणे यांचा विचार टेबलाबरोबरच करावा लागतो.

त्यातले कलंडणे येथे कोणी काढले नाही. रिकामे टेबल हलके असणे हा विक्रेत्याच्या दृष्टीने गुण आहे आणि चाचणीत दोष. समजा, पूर्ण टेबल १८ किलोचे आहे आणि वसुधाताईंचा २५ किलोंचा खण पूर्ण बाहेर ओढला आहे. खणाचा गुरुत्वमध्य समोरच्या पायांच्या पुढे गेला की त्याला मागे धरून ठेवायला टेबलाचे वजन अपुरे पडू लागते. दुसरा खणही त्याच वेळी उघडला आणि कोणी माथ्याच्या कडेवर टेकले तर टेबल पुढे येते. म्हणून जड खण सर्वांत खाली घ्यावा, त्याचे बाहेर येणे तीन-चतुर्थांशावर थांबवावे आणि एका वेळी एकच खण उघडेल असा अडसर द्यावा. पाय समोर माथ्याच्या कडेपर्यंत आणावेत. दिसायला मागे घेतलेले पाय देखणे असतात, पण ते चित्रात.

टनभर
चाचणीघर यांच्याशी सहमत. आमच्या ओळखीच्या एकांनी यावर तळात वाळू भरण्याचा तोडगा काढला होता. गिऱ्हाईक म्हणाले, मग लाकडीच काय वाईट होते.

रोटोवाला
कोणी रोटोमोल्डिंगचे नाव काढले नाही याचे आश्चर्य वाटते. पाण्याच्या टाक्या करतो त्याच पद्धतीने पोकळ, दुहेरी भिंतीचे एकसंध टेबल होते. पॉलिएथिलीनची पूड साच्यात घालायची, भट्टीत दोन अक्षांवर फिरवायची, बाहेर आणून थंड करायची. साचा पत्र्याचा किंवा ॲल्युमिनियमचा, त्यामुळे इंजेक्शनच्या साच्यापेक्षा फारच स्वस्त. एका मालाला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. संख्या कमी असेल तर याहून सोपे काही नाही.

खणाखणी
रोटोवाला, टाकीत खण नसतात. आपल्या मालात मापाचा फरक काही मिलिमीटर सहज येतो आणि आम्हाला चॅनलसाठी तो एका मिमीच्या आत हवा आहे. शिवाय पॉलिएथिलीन पॉलिप्रॉपिलीनपेक्षाही मऊ आहे. बॉलपेनने सही केली की खालच्या माथ्यावरही ती राहते.

रोटोवाला
मान्य. पण घडीची जी एचडीपीईची (घट्ट पॉलिएथिलीनची) टेबले लग्नमंडपात दिसतात ती ब्लो-मोल्डिंगची, म्हणजे गरम प्लॅस्टिक साच्यात हवेने फुगवून केलेली असतात, तीही दुहेरी भिंतीची. वरची आणि खालची भिंत जागोजागी एकमेकींना चिकटवलेली असते म्हणून ती ताठ राहतात, आणि त्यावर कढईभर पुलाव असतो. केवळ माथा त्या पद्धतीने करून खणांचा खोका इंजेक्शनचा केला तर काय हरकत आहे?

ठिणगी
एक मुद्दा जबाबदारीने मांडते. पॉलिप्रॉपिलीनचा ऑक्सिजन निर्देशांक, म्हणजे जळत राहायला लागणारे ऑक्सिजनचे किमान प्रमाण, १७-१८ टक्क्यांच्या आसपास आहे आणि हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. म्हणजे एकदा पेटले की ते स्वतःहून विझत नाही, आणि वितळून थेंबही खाली पडतात. त्या थेंबांखाली आपण कागद भरलेला खण ठेवत आहोत. अंगच्या कप्प्यात लॅपटॉपचे अडॅप्टर आणि एक्स्टेन्शन बोर्ड कोंबण्याची सोय द्यायची असेल, तर तो कप्पा मागून उघडा आणि हवेशीर असावा, त्याचा तळ पत्र्याचा असावा, आणि खण व वायर यांच्यात पूर्ण भिंत असावी. ज्वालारोधक माल घेता येतो. तो महाग पडतो म्हणून नमुन्यात असतो आणि उत्पादनातून गळतो, असा माझा अनुभव आहे.

अनघा_रेखाटने
खिडकीजवळ बसणाऱ्यांसाठी यूव्ही स्टॅबिलायझरही (उन्हापासून जपणारे रसायन) लिहून घ्यावा. नसेल तर उन्हाची बाजू आधी फिकट आणि पांढुरकी होते, मग ठिसूळ. आणि प्लॅस्टिकच्या दाण्यात खडूचा फिलर (भर) किती टक्के, ग्राइंडिंगचा (दळून पुन्हा वापरलेला) माल किती टक्के, हे करारातच असावे. फिलरने ताठरपणा वाढतो हे खरे, पण स्क्रूच्या बॉसपाशी (स्क्रू बसतो त्या पोकळ खुंटीपाशी) माल चटकन तडकतो.

साचेकार
सर्वांचे मनापासून आभार. मास्तरांनी विचारलेली संख्या: पहिल्या वर्षी वितरक हजाराच्या खालचीच हमी देत आहे. त्यामुळे २१०० टनी मशीनसाठीचा साचा परवडणार नाही, आणि इतकी टेबले हाताने थर देऊन करायची तर त्यात वर्ष जाईल.

चर्चेनंतर आराखडा असा बदलत आहे. भार चौकोनी पोलादी नळ्यांच्या, पावडर-कोट केलेल्या चौकटीवर जाईल. तिचे समोरचे पाय माथ्याच्या कडेपर्यंत येतील आणि खाली उंची बदलणारे बूट असतील, म्हणजे वसुधाताईंना सुताराची गरज पडणार नाही. खणांचा खोका दोन पाट्यांचा असेल. डावी आणि उजवी पाटी एकाच साच्यातून, चॅनलचे ठोकळे दोन्ही बाजूंना देऊन. हा साचा लहान मशीनवर बसतो. खणांचे दोनच प्रकार: वर कप्प्यांचे दोन उथळ, खाली फायलींचा एक खोल, तिघांची रुंदी तीच. कुलपामागे पत्र्याची पट्टी. वायरचा कप्पा ठिणगी यांनी सांगितला तसा, मागच्या बाजूला.

प्रश्न उरतो तो माथ्याचा. रोटोवाला यांची ब्लो-मोल्डिंगची सूचना मोहात पाडणारी आहे, पण लग्नमंडपातल्या टेबलाचा माथा किंचित लहरी आणि दाणेदार असतो. त्यावर सुटा कागद ठेवून लिहिताना पेन आत जाते. रोजनामा लिहिणाऱ्यांना ते चालणार नाही.

पतसंस्थेतली_वसुधा
माथ्यावर ग्लास-टॉप किंवा रेक्झिनचे आच्छादन आम्ही टाकतोच. खाली कोणाच्या मुलीचे लग्न झाले त्याची पत्रिका असते. पेनची चिंता करू नये.

बहुलक_मास्तर
ब्लो-मोल्ड माथा चालेल, मात्र तो पोलादी चौकटीला गोल भोकांतून घट्ट आवळू नये. एचडीपीई असो वा पॉलिप्रॉपिलीन, उष्णतेने ते पोलादाच्या जवळपास दहापट प्रसरण पावते. पहाटेच्या आणि भर दुपारच्या बंद कार्यालयातील तापमानात २५ अंशांचा फरक धरला, तर १२०० मिमी माथा ३ मिमी किंवा त्याहून अधिक वाढतो आणि चौकट अर्ध्या मिमीहूनही कमी. चारही कोपरे जखडलेले असतील तर माथा मधोमध फुगतो. एक स्क्रू मधल्या आडव्या नळीवर पक्का ठेवावा आणि बाकीच्यांना लांबीच्या दिशेने लांबट भोके द्यावीत.

सुतारपक्षी
लांबट भोकांत साधा वॉशर लावला तर तो प्लॅस्टिकमध्ये रुततो आणि भोक लांबट असूनही माथा हलत नाही. खांदा असलेला, म्हणजे मधोमध नळी असलेला बुश वापरावा, म्हणजे स्क्रू बुशवर आवळला जातो आणि माथ्यावर दाब येत नाही.

साचेकार
बुश नायलॉनचा की पितळी?

खणाखणी
किनाऱ्यालगत देणार असाल तर पितळी, आणि स्क्रू स्टेनलेसचे. नायलॉन आवळल्यावर काही महिन्यांत दबून सैल होतो. चॅनलही झिंक-प्लेटेड साधा घेऊ नका. खाऱ्या हवेत त्याचे छर्रे गंजले की खालचा खण अडतो. पहिले दोन नमुने तयार झाले की एक भोसरीत ठेवावा आणि एक पावसाळाभर रत्नागिरीच्या त्या वितरकाकडे, खणात पूर्ण २५ किलो भरून.

दर्यावर्दी
नमुना माझ्याकडे पाठवलात तरी चालेल. जेटीवरच्या आमच्या सोसायटीच्या कार्यालयात खिडक्या जूनमध्येही बंद होत नाहीत.